गिटमध्ये फॉर्मॅटिंगचा दुहेरी कोड काढताना एक बाजू सुधारली की दुसरी का मोडते

गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) याच्या स्वतःच्या सोर्समध्ये, कमांडचं आउटपुट कसं छापायचं ते ठरवणारा फॉर्मॅट कोड अनेक ठिकाणी दोनदा लिहिलेला आहे. तो एकत्र करायला गेलं की दिसणारी लक्षणं दोन आहेत. पहिलं: एलएस-ट्री (कमिटमधल्या फायलींची यादी देणारी कमांड) हिच्या फॉर्मॅटमधली एक चूक दुरुस्त केली, टेस्ट पास झाल्या, आणि काही दिवसांनी तीच चूक एलएस-फाइल्समध्ये (इंडेक्समधल्या, म्हणजे पुढच्या कमिटसाठी तयार ठेवलेल्या फायलींची यादी) जशीच्या तशी निघाली. दुसरं बरोबर उलटं: दोन्हीकडे सारखाच दिसणारा कोड एका फंक्शनात घातला, आणि कुणाच्या तरी जुन्या स्क्रिप्टचं आउटपुट गुपचूप बदललं. पहिल्याला वैतागूनच माणूस दुसऱ्यात पडतो, म्हणून दोन्हींचा इलाज एकत्रच बघू.

कमांड, फाइल आणि फंक्शनची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थात त्यांच्या मूळ इंग्रजी स्पेलिंगनेच टाइप करायची.

हा कोड राहतो कुठे

गिटमध्ये फॉर्मॅटची एक भाषा नाही, चार बोली आहेत. लॉग आणि शो यांची बोली प्रिटी.सी मध्ये: %एच, %एएन, %एस वगैरे आखूड खुणा. फॉर-ईच-रेफ (रेफ म्हणजे ब्रँच-टॅगसारखी नावं), ब्रँच आणि टॅग यांची रेफ-फिल्टर.सी मध्ये: %(रेफनेम:शॉर्ट), %(ऑथरनेम), %(अपस्ट्रीम:ट्रॅक) अशा कंसातल्या खुणा, ज्यांना अ‍ॅटम म्हणतात. कॅट-फाइल (गिटने साठवलेल्या ऑब्जेक्टची माहिती देणारी कमांड) हिच्या बॅच मोडचं स्वतःचं छोटं यंत्र बिल्टइन फोल्डरमधल्या त्याच्याच फायलीत आहे. आणि एलएस-ट्री (2022 च्या एप्रिलमध्ये, आवृत्ती 2.36) व एलएस-फाइल्स (त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, 2.38) यांना --फॉर्मॅट मिळालं तेव्हा त्या दोघांनी आपापला कोड लिहिला, जो बराचसा एकमेकांची झेरॉक्स आहे.

हे एकत्र आणायचे प्रयत्न जुने आहेत. ब्रँच, टॅग आणि फॉर-ईच-रेफ यांचा सामाईक भाग काढून रेफ-फिल्टर.सी उभी राहिली ती 2015 च्या गूगल समर ऑफ कोडमध्ये (विद्यार्थ्यांना मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांवर काम देणारा उपक्रम). त्यानंतरही याच विषयावर विद्यार्थ्यांचे प्रकल्प होत राहिले. तरी दुहेरी कोड उरलाच, आणि तो कुणाच्या आळसामुळे उरलेला नाही.

मुंबईकराला हे दादरवरून पटकन कळेल. पश्चिम आणि मध्य या दोन्ही मार्गांवर प्लॅटफॉर्म नंबर एकपासून सुरू व्हायचे, त्यामुळे 'तीन नंबरवर ये' म्हटलं की कुठल्या तीन नंबरवर, हा प्रश्न यायचा. डिसेंबर 2023 मध्ये पश्चिमेचे 1 ते 7 तसेच ठेवून मध्यचे 8 ते 14 केले. नंबर एका मालिकेत आले, पूल आधीपासून होताच, रूळ मात्र कुणी एकत्र केले नाहीत. गिटच्या फॉर्मॅट कोडात यशस्वी झालेले पॅच जवळपास सगळे याच जातीचे आहेत. सामाईक टोकं जोडली, इंजिनं वेगळी ठेवली. अडकले ते पॅच इंजिनंच एक करायला निघालेले होते.

आधी बोलीभेद तपासा

कोड सारखा दिसतो म्हणजे वागणूक सारखी, असं धरू नका. नवी ओळ हवी असेल तर लॉगमध्ये %एन. एलएस-ट्रीमध्येही %एन चालतं. फॉर-ईच-रेफमध्ये मात्र %0ए, कारण तिथे टक्क्यानंतरचे दोन हेक्स अंक म्हणजे सरळ तो बाइट. कॅट-फाइलमध्ये दोन्ही नाही. तिथे कंस नसलेला टक्का जसाच्या तसा छापला जातो. नल बाइट लॉगमध्ये %एक्स00, फॉर-ईच-रेफमध्ये नुसता %00.

यातून एक मजेशीर खड्डा तयार होतो. लॉगची सवय असलेला माणूस फॉर-ईच-रेफला असं देतो:

गिट फॉर-ईच-रेफ --फॉर्मॅट='%एएन %एडी'

पहिली खूण तशीच छापली जाते, कारण 'एन' हा हेक्स अंक नाही. दुसऱ्या खुणेत 'ए' आणि 'डी' दोन्ही हेक्स अंक आहेत, त्यामुळे तारखेच्या जागी 173 या किमतीचा एकच बाइट बाहेर पडतो, आणि टर्मिनलवर प्रश्नचिन्हाचा चौकोन दिसतो. %एई, %सीडी, %सीई यांचं तेच. 'एन्कोडिंग बिघडलंय' म्हणून तासभर लोकॅल तपासण्यापेक्षा आउटपुट हेक्सडंपमधून काढून बघा, दोन मिनिटांत उलगडा होतो. आता विचार करा: शब्दशः मजकूर छापणारा भाग चारही कमांडांसाठी एकच करू, असं म्हणून कुणी प्रिटीचा नियम रेफ-फिल्टरला लावला, तर %0ए वापरणारी प्रत्येक स्क्रिप्ट मोडली.

दुसरा भेद न ओळखलेल्या खुणेचा. प्रिटी अशी खूण निमूटपणे तशीच छापते. लॉगला %(ऑथरनेम) दिलं तर बारा कमिटांसमोर बारा वेळा '%(ऑथरनेम)' हेच येतं. रेफ-फिल्टर तिथेच थांबतं आणि 'अननोन फील्ड नेम' म्हणून बाहेर पडतं. तिसरा भेद बारीक, पण स्क्रिप्ट मोडायला पुरेसा: लॉगचं %एई नुसता ईमेल पत्ता देतं, तर %(ऑथरईमेल) तोच पत्ता टोकदार कंसांसकट देतं. कंस नको असतील तर %(ऑथरईमेल:ट्रिम). 'दोन्ही ईमेलच तर छापतात' म्हणून एकत्र करणारा पॅच इथेच आपटतो.

म्हणून कोडला हात लावण्याआधी एक वही करा. प्रत्येक बोलीत रिकामा फॉर्मॅट, दुहेरी टक्का, शेवटी एकटा टक्का, बंद न केलेला कंस, अनोळखी नाव आणि अनोळखी पर्याय अशा सहा गोष्टींचं आजचं आउटपुट फायलीत साठवा. हीच फाइल पुढे तुमचा साक्षीदार. कंटाळवाणं काम आहे, पण नंतरचा वाद यानेच मिटतो.

सगळ्यात सोपा भाग: चुकीचे संदेश

दुहेरी कोड कसा काढावा याचा चांगला नमुना गिटमध्येच आहे, स्ट्रबफ_एक्स्पांड_बॅड_फॉर्मॅट नावाचं फंक्शन (स्ट्रबफ म्हणजे गिटचा स्ट्रिंग बफर). ते येण्याआधी एलएस-ट्री आणि एलएस-फाइल्स दोघांकडेही तेच तीन संदेश होते: खूण कंसाने सुरू होत नाही, कंस बंद होत नाही, आणि आतलं नाव ओळखीचं नाही. फरक फक्त संदेशातल्या कमांडच्या नावाचा. भाषांतर करणाऱ्याला तीच वाक्यं दोनदा करावी लागत. नव्या फंक्शनात कमांडचं नाव पॅरामीटर झालं आणि वाक्यं एकाच जागी आली.

त्यातली हुशारी ते कुठून हाकलं जातं यात आहे. प्रत्येक कमांड आपल्या ओळखीच्या खुणा आधी स्वतः तपासते, आणि सगळं संपल्यावर, अगदी शेवटच्या एल्समध्ये, हे फंक्शन बोलावते. त्यामुळे कॅट-फाइलचा 'कंस नसलेला टक्का तसाच छाप' हा जुना स्वभाव टिकला आणि संदेश मात्र सामाईक झाले. काय स्वीकारायचं ते कमांड ठरवते, नकार कसा द्यायचा ते सामाईक. हा साचा लक्षात ठेवा.

त्याच्या आधीचं पाऊल 2023 चं. पूर्वी स्ट्रबफ_एक्स्पांडला कॉलबॅक आणि एक व्हॉइड पॉइंटर द्यावा लागे. त्याऐवजी स्ट्रबफ_एक्स्पांड_स्टेप आलं, जे पुढच्या टक्क्यापर्यंतचा मजकूर उतरवून परत येतं आणि बाकी तुमच्या व्हाइल लूपवर सोडतं. कॉलबॅकसाठी उगाच बनवलेली स्ट्रक्चरं गेली. जुन्या लेखात किंवा जुन्या पॅचमध्ये कॉलबॅकची पद्धत दिसली तर ती उचलू नका.

एकसारखी दोन फंक्शनं: साइझ

हाताला पटकन लागणारं उदाहरण घ्यायचं तर सोर्समध्ये हे शोधा:

गिट ग्रेप -एन एक्स्पांड_ऑब्जेक्टसाइझ

एलएस-ट्री आणि एलएस-फाइल्स, दोन्ही फायलींत या एकाच नावाची स्टॅटिक फंक्शनं दिसतील. ब्लॉब (फायलीतला मजकूर) असेल तर त्याची साइझ, नाहीतर एक आडवी रेघ. ':पॅडेड' असेल तर सात जागांच्या रुंदीत उजवीकडे सरकवून. हे एकत्र करता येतं, पण तीन ठिकाणी घसरायला होतं.

एक, जागा. 'स्ट्रबफमध्ये लिहितं, म्हणून स्ट्रबफ.सी मध्ये टाकू' हा मोह टाळा. स्ट्रबफ ही तळाची लायब्ररी आहे, तिला ऑब्जेक्ट डेटाबेस माहीत असता कामा नये. ऑब्जेक्टची माहिती काढणारं फंक्शन वरच्या थरातल्या फायलीतच हवं.

दोन, रिपॉझिटरी. सामाईक फंक्शनने ग्लोबल दि_रिपॉझिटरी वापरू नये, रिपॉझिटरी पॅरामीटर म्हणून घ्यावी. गिटमधून हा ग्लोबल हळूहळू काढणं चालू आहे, त्यामुळे तो नव्याने आणणारा पॅच परत येतो.

तीन, 'ब्लॉब नाही' याचा अर्थ. एलएस-ट्रीमध्ये तो ट्री (फोल्डर) असू शकतो किंवा सबमॉड्यूल (आत जोडलेली दुसरी रिपॉझिटरी). इंडेक्समध्ये, म्हणजे एलएस-फाइल्सकडे, तो साधारणपणे सबमॉड्यूल असतो, आणि सबमॉड्यूलचं कमिट तुमच्या रिपॉझिटरीत असेलच असं नाही. म्हणून प्रकार आधी तपासायचा आणि साइझ नंतर विचारायची. नीटनेटकं दिसावं म्हणून कुणी हा क्रम उलटा केला, तर सबमॉड्यूल असलेल्या प्रोजेक्टवर कमांड थेट मरते. साध्या टेस्ट रिपॉझिटरीत सबमॉड्यूल नसतं, त्यामुळे हे लवकर कळतही नाही. टेस्ट टी3104 (एलएस-ट्री) आणि टी3013 (एलएस-फाइल्स) चालवाच, पण सबमॉड्यूलची एक टेस्ट आपण घाला.

अवघड भाग: पर्याय वाचणारा पार्सर

इथे खरा गुंता आहे. %(डिस्क्राइब:मॅच=व्ही2*,टॅग्ज) अशा खुणेत कोलनपुढचे स्वल्पविरामांनी तोडलेले पर्याय वाचायला प्रिटी.सी मध्ये मॅच_प्लेसहोल्डर_आर्ग_व्हॅल्यू आणि त्याचा हो-नाही वाचणारा भाऊ आहे. 2023 मध्ये डिस्क्राइब रेफ-फिल्टरमध्येही आलं, तेव्हा तिथे मॅच_अ‍ॅटम_आर्ग_व्हॅल्यू आणि त्याचा भाऊ लिहिला गेला. दुहेरी कोड काढायच्या मोहिमेतच नवा दुहेरी कोड! पण कारण बघितलं की हसू आवरतं. प्रिटीला मिळते ती मूळ फॉर्मॅट स्ट्रिंग, जिच्यात पर्यायांचा शेवट बंद कंसाने होतो आणि पुढे बाकीचा फॉर्मॅट चालूच असतो. रेफ-फिल्टरने कंसाच्या आतला तुकडा आधीच कापून घेतलेला असतो, तिथे शेवट नल बाइटवर होतो. एकाला शेवटी कंस लागतो, दुसऱ्याला मिळतो नल. एवढ्या एका अक्षरामुळे चार फंक्शनं.

यावर दोन रस्ते. पहिला ट्रेलरसाठी (कमिट संदेशाच्या शेवटी येणाऱ्या 'साइन्ड-ऑफ-बाय' सारख्या ओळी) वापरला गेला. प्रिटीमधलं फॉरमॅट_सेट_ट्रेलर्स_ऑप्शन्स बाहेर उघडं केलं, आणि रेफ-फिल्टर आपल्या तुकड्याला शेवटी एक बंद कंस चिकटवून तो त्याच्या हाती देतं. जुगाड वाटतो, आणि आहेच. पण चालतो, आणि दोन पार्सरांपेक्षा एक जुगाड बरा. दुसरा रस्ता म्हणजे शेवटचं अक्षर पॅरामीटर करणं. दिसायला स्वच्छ, पण प्रत्येक ठिकाणी 'स्वल्पविराम की शेवट' ही तपासणी बदलावी लागते आणि एखादी सुटते. नव्याने करायचं असेल तर आमचं मत दुसऱ्या रस्त्याला, मात्र आधी टेस्ट, मग बदल.

ट्रेलरच्या त्या फंक्शनात आणखी एक शिकण्यासारखी गोष्ट आहे: त्याचं शेवटचं पॅरामीटर, इनव्हॅलिड_आर्ग नावाचा पॉइंटर. प्रिटी तिथे नल देतं, म्हणजे 'चुकीचा पर्याय कोणता ते सांगू नकोस, मी खूण तशीच छापीन'. रेफ-फिल्टर पत्ता देतं, म्हणजे 'नाव सांग, मला संदेश देऊन थांबायचंय'. दोन बोलींचे दोन स्वभाव एका पॅरामीटरमध्ये सामावले. सामाईक फंक्शनात डाय हा शब्द लिहायचा हात होत असेल तर थांबा. मरायचं की नाही हा निर्णय बोलावणाऱ्याचा.

आणि एक खड्डा, जो वर्षानुवर्षं लपून राहू शकतो. पर्याय साठवायला सामाईक स्टॅटिक बफर वापरला, तर फॉर्मॅटमध्ये एकच ट्रेलर अ‍ॅटम असेपर्यंत सगळं ठीक चालतं. दोन अ‍ॅटम, दोन वेगवेगळे सेपरेटर दिले, की दुसऱ्याचा पर्याय पहिल्यावर चढतो. रेफ-फिल्टरमध्ये हा बफर 2024 मध्ये प्रत्येक अ‍ॅटमसाठी वेगळा केला गेला. कारण साधं आहे: प्रिटी पर्याय वाचून लगेच छापते आणि विसरते, तर रेफ-फिल्टर सगळे अ‍ॅटम आधी वाचून ठेवतं आणि छापतं नंतर. लगेच वापरण्यासाठी लिहिलेला कोड साठवून ठेवणाऱ्याला दिला की त्यात कुणाचं आयुष्य किती, हा प्रश्न येतो. प्रत्येक सामाईक फंक्शनासाठी 'एकाच फॉर्मॅटमध्ये दोनदा, वेगळ्या पर्यायांनी' ही टेस्ट सक्तीची समजा. सोबत मेक सॅनिटाइझ=लीक टेस्ट असं एकदा पूर्ण चालवा; कंस चिकटवलेल्या तुकड्याचा पॉइंटर पार्सर पुढे सरकवतो, आणि मूळ पत्ता हरवला की ती मेमरी सुटत नाही.

इंजिन एक का होत नाही: वेग

कॅट-फाइलला रेफ-फिल्टरचं इंजिन जोडायचं काम 2021 च्या समर ऑफ कोडमध्ये हाती घेतलं होतं. त्यातून %(रॉ) हा अ‍ॅटम रेफ-फिल्टरला मिळाला, पण कॅट-फाइल आजही स्वतःच्याच एक्स्पांड_अ‍ॅटमवर चालतं. अडचण वेगाची.

रेफ-फिल्टर प्रत्येक अ‍ॅटमची किंमत स्वतंत्र स्ट्रिंग म्हणून बनवून ठेवतं, कारण --सॉर्ट त्याच अ‍ॅटमांवर चालतं आणि छापण्याआधी सगळ्या ओळी हातात असाव्या लागतात. मग ती स्ट्रिंग, गरज असेल तर शेल किंवा पर्लच्या कोटसकट, आउटपुटमध्ये पुन्हा उतरते. काही हजार रेफ असतील तर हा खर्च जाणवत नाही. कॅट-फाइल मात्र लाखो ऑब्जेक्टवर चालतं, आणि तिथे प्रत्येक जादा मॅलॉक मोजला जातो. शिवाय त्याची स्वतःची एक युक्ती आहे: फॉर्मॅट आधी एकदा मार्क_क्वेरी चालू ठेवून कोरडाच फिरवायचा, कोणती माहिती लागणार याची नोंद घ्यायची, आणि पुढे तेवढीच मागायची. --बॅच-ऑल-ऑब्जेक्ट्ससोबत फक्त %(ऑब्जेक्टनेम) मागितलं, तर ऑब्जेक्टची माहिती काढायचं कामच पूर्ण टाळलं जातं.

इथे मोजणाराच फसतो. कॅट-फाइलचा डिफॉल्ट फॉर्मॅट म्हणजे नाव, प्रकार, साइझ. या फॉर्मॅटसाठी वेगळी जलद वाट आहे, आणि तुम्ही तोच फॉर्मॅट हाताने लिहून दिलात तरी गिट तो ओळखून जलद वाटेनेच जातं. म्हणजे तुम्ही एक्स्पांड_फॉर्मॅटमध्ये काहीही घोळ घातला तरी या मोजणीत आकडा हलत नाही. मोजायचं तर क्रम बदला:

गिट कॅट-फाइल --बॅच-ऑल-ऑब्जेक्ट्स --बॅच-चेक='%(ऑब्जेक्टटाइप) %(ऑब्जेक्टनेम)'

आउटपुट डेव्ह-नलमध्ये घाला, जुन्या आणि नव्या दोन्ही बायनरी -ओ2 ने बांधा, तीन फेऱ्या गरम होण्यासाठी सोडा आणि मग किमान दहा मोजा. गिटचीच रिपॉझिटरी यासाठी पुरेशी मोठी आहे. मे महिन्यातल्या दुपारी, एसी नसलेल्या खोलीत लॅपटॉप तापून स्वतःच मंदावतो. अशा वेळी जुनं आणि नवं आलटून पालटून मोजा, आधी सगळं जुनं आणि मग सगळं नवं असं नको. दोन-तीन टक्के फरक आमच्या हिशेबी मोजमापाचा. दहा टक्के आला तर सामाईकपणाची किंमत जास्त लागली म्हणा आणि पॅच मागे घ्या.

तारीख: सामाईक भाग कसा असावा याचं उदाहरण

तारखेचा कोड मात्र सगळ्यांना एकच, डेट.सी मध्ये. लॉगचं --डेट=शॉर्ट आणि %(ऑथरडेट:शॉर्ट) दोन्ही शेवटी तिथेच पोहोचतात. त्यामुळे इथे दुहेरी कोड लिहायचं कारणच नाही. कुणी स्वतःचं एसटीआरएफटाइम लिहिलेलं दिसलं तर सरळ काढा.

टेस्टमध्ये मात्र एक उणीव राहते. गिटच्या टेस्टमध्ये टेस्ट_टिक हे घड्याळ 7 एप्रिल 2005 पासून, वजा 0700 या झोनमध्ये, साठ-साठ सेकंदांनी पुढे जातं, आणि टेस्टचा टाइमझोन यूटीसी असतो. आपला +0530, म्हणजे अर्ध्या तासाचा झोन, त्यात आपोआप येत नाही. 15 जून 2024 ला पहाटे 1:15 ला मुंबईत केलेलं कमिट घ्या. 'शॉर्ट' कमिटमध्ये नोंदलेला झोन वापरतं, म्हणून 2024-06-15 दाखवतं. 'शॉर्ट-लोकल' मशीनचा झोन वापरतं. यूटीसीवरच्या बिल्ड सर्व्हरवर तेव्हा 14 तारखेचे संध्याकाळचे 7:45 झालेले असतात, म्हणून तिथे 2024-06-14. पहाटे साडेपाचच्या आतल्या प्रत्येक कमिटला हा घोळ होतो. रिलीज नोटमधली तारीख एका दिवसाने मागे दिसत असेल तर फॉर्मॅट कोडवर संशय घेण्याआधी '-लोकल' आहे का ते बघा. आणि तारखेला स्पर्श करणारा पॅच असेल तर +0530 ची एक टेस्ट घालाच.

देवनागरी आली की रांग मोडते

रकाने जुळवायचा कोड सामाईक करताना सी च्या प्रिंटएफची रुंदी वापरायचा मोह होतो. साइझच्या आकड्यांना ती चालते. नावांना नाही, कारण प्रिंटएफ बाइट मोजतं. 'दादर' म्हणजे चार कोडपॉइंट, बारा बाइट. दहा जागांचा रकाना मागितला तर प्रिंटएफच्या लेखी तो आधीच भरलेला आहे, एकही स्पेस येत नाही. गिटमध्ये यासाठी यूटीएफ8_स्ट्रविड्थ आहे, आणि %<(10) असो वा %(अलाइन:10), दोन्ही त्याच मोजमापावर चालतात. तेच वापरा.

तरीही पूर्ण जुळेल अशी आशा नको. गिट काही चिन्हांना शून्य रुंदी देतं आणि काहींना एक. उकार, एकार, अनुस्वार, हलन्त यांना शून्य. काना, वेलांटी, ओकार यांना एक. त्यामुळे गिटच्या हिशेबाने 'मुंबई' तीन जागांची, 'दादर' चार, 'ठाणे' तीन आणि 'कुर्ला' चार. टर्मिनल मात्र 'र्ला' हे जोडाक्षर फॉन्टप्रमाणे कसंही मांडतं. रकाना एखाद्या जागेने सरकला तर ती तुमच्या पॅचची चूक नाही. पण तुमच्या आधीच्या आणि नंतरच्या आउटपुटमध्ये स्पेसची संख्या बदलली, तर मात्र ती तुमचीच. टेस्टमध्ये डोळ्याने बघू नका, बाइट मोजा.

इथेही बोलीभेद आहे. लॉगमध्ये %<(10,ट्रंक) जास्तीचा मजकूर कापतं. अलाइन काहीच कापत नाही. मजकूर रुंदीपेक्षा मोठा असेल तर तो तसाच जाऊ देतं. दोन्ही एका फंक्शनात घालायचे तर कापणं हा पर्याय म्हणून ठेवा, आणि डिफॉल्ट 'कापू नको'.

पॅच कसे पाडायचे

एकाच पॅचमध्ये हलवणं, नाव बदलणं आणि वागणूक बदलणं केलं, तर तपासणाऱ्याला काही कळत नाही आणि तुम्हालाही सहा महिन्यांनी कळणार नाही. पहिला पॅच टेस्टचा, आजची वागणूक पकडून ठेवणारा. तो जुन्या कोडवर पास व्हायलाच हवा. दुसरा फक्त हलवण्याचा. यात एक अक्षरही बदलायचं नाही, आणि गिट डिफला --कलर-मूव्ह्ड=डिम्ड-झीब्रा दिलं की सगळ्या ओळी फिकट दिसायला हव्यात. एखादी ओळ ठळक दिसली तर तिथे तुम्ही नकळत काहीतरी बदललंय. तिसरा पॅरामीटर वाढवण्याचा. चौथ्यात दुसऱ्या कमांडने जुनं फंक्शन सोडून सामाईक उचलायचं. जुनं डिलीट करायचं ते याच पॅचमध्ये, नाहीतर डेव्हलपर=1 ने बांधताना न वापरलेल्या स्टॅटिक फंक्शनाची वॉर्निंग एरर होऊन मधला पॅच बांधलाच जात नाही.

मधला प्रत्येक पॅच स्वतंत्रपणे बांधला जातो का, हे हाताने तपासत बसू नका. गिट रीबेस -आय ला --एक्झेक द्या, त्यात मेक आणि संबंधित टेस्ट. फॉर्मॅटसाठी टी4205 (लॉग), टी6300 (फॉर-ईच-रेफ), टी1006 (कॅट-फाइल), शिवाय वर सांगितलेल्या टी3104 आणि टी3013. एखादी पडली की टी फोल्डरमध्ये जाऊन तीच फाइल -आय -व्ही देऊन चालवा. पहिल्या चुकीवर थांबते आणि नेमकं आउटपुट दाखवते. शेवटी सुरुवातीची ती वही काढा, नव्या बायनरीने तेच सहा प्रकार पुन्हा चालवा आणि सीएमपी कमांडने दोन्ही आउटपुट ताडून बघा. संदेशातल्या शब्दांचा फरक निघाला तर तो पॅचच्या वर्णनात लिहा. आउटपुटमधला फरक निघाला तर तिसऱ्या पॅचकडे परत जा, बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो.